सायकलवरची बहीण

ब्लाझेना पळायची आणि मी सायकल मारायचे.
कारकीर्द म्हणतात ती अशी सुरू झाली,
होर्नी ल्होताच्या रस्त्यावर, बिटाच्या शेतांच्या कडेने.
तिच्या पायात भावाचे कॅनव्हासचे बूट, पुढे कापूस कोंबलेला.
माझ्या हँडलला चहाचा थर्मास,
आणि साखळीला तेल नाही.

कुत्री तिच्या मागे लागायची, माझ्या नाही.
लाथ मी उगारायचे.
हे काम कुठल्याच नोंदीत नाही.

प्रशिक्षक स्कोपाल यांच्या गळ्यात दोन घड्याळं असत,
एक सोव्हिएत, एक स्विस, दोन्ही कधी जुळली नाहीत.
ते सरासरी काढत.
म्हणाले, बायकांनी तीन हजार मीटरच्या पुढे जाऊ नये,
डॉक्टरांचं तसं मत आहे.
ब्लाझेना "बरं" म्हणाली,
आणि रविवारी आत्याच्या गावाला पळत गेली.
एकोणतीस किलोमीटर.
आत्याने आलुबुखार भरलेले उकडलेले गोळे वाढले, वर खसखस, वर लोणी.
नऊ खाल्ले तिने.
येताना सायकलवर मागे बसली
आणि माझ्या पाठीला डोकं लावून झोपली,
मी चढावर उभी राहून पायडल मारत होते, तरी जागी झाली नाही.
मला विचाराल तर तिचा सगळ्यात मोठा दिवस तो.
त्याची वेळ कुणी लावली नाही.

सूतगिरणीची पाळी सहाला. म्हणून आम्ही चारला.
हिवाळ्यात गावभर कोळशाचा धूर खाली बसलेला,
श्वास घेतला की दात करकरायचे.
बर्फावर माझं चाक घसरायचं, तिचा पाय नाही.
तिची वही आहे माझ्याकडे. नुसते आकडे.
१८. २२. शून्य, कारण दाढ. ३१.
आई गेली त्या दिवशी: १२.

मग तिला बाहेरच्या देशांत पाठवू लागले.
मीही अर्ज भरला, एकदाच.
कार्यालयातल्या बाई फार मऊ बोलायच्या.
"एक जाते ना, मग एक राहते."
घरी पोचेपर्यंत मला कळलं नाही.
कळलं तेव्हा जिन्यातच बसले.
मी गहाण होते.

पश्चिमेकडच्या कुठल्याशा पावसाळी शहरात
ती चौथी आली. तिसरी दोन सेकंद पुढे.
इथे रेडिओवर नावाचा उच्चारही चुकवला.
परत आली तेव्हा बॅगेत ओले मोजे,
एक संत्रं, माझ्यासाठी,
आणि पायाच्या दोन नखांचा रंग वांग्यासारखा.

चाळीस वर्षांनी, बटाटे सोलताना, सहज म्हणाली,
त्या रात्री हॉटेलच्या दाराखालून कुणीतरी चिठ्ठी सरकवली होती.
फोन नंबर. खाली लिहिलेलं, आमच्याच भाषेत:
खाली गाडी उभी आहे.

मी सोलणं थांबवलं. मग?

म्हणाली, तुझ्या मागच्या चाकात हवा कमी होती.
निघताना बघितलं होतं मी.
तुला कधी भरता आली का नीट?

सालीचा लांब तुकडा टेबलावरून लोंबत राहिला.
दोघींपैकी कुणी तो उचलला नाही.

आता तिचे दोन्ही गुडघे धातूचे.
टपालपेटीपर्यंत जाते, तीनशे पावलं, पत्र असो नसो.
मी सायकल घेऊन निघते.
इतक्या हळू ती चालत नाही, तोल जातो,
म्हणून उतरून ढकलत नेते.
थर्मास हँडलला.
पाटोच्काच्या घरासमोर त्यांचा कुत्रा उठतो,
मी सवयीने पाय उगारते,
तो शेपूट हलवतो. त्याचंही वय झालं.

बसथांब्याच्या बाकावर ती टेकते, धाप आवरते.
विचारते, किती झाली वेळ?
माझ्या मनगटावर घड्याळ नाही.
चांगली, मी म्हणते.

खोटं बोलू नकोस, ती म्हणते,
आणि चहासाठी हात पुढे करते.